नोंद नसणे म्हणजे शून्य नव्हे

संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या नव्याने शिकणाऱ्यास जे पहिले पाठ मिळतात, त्यांत ‘ॲरे’ची उदाहरणे हटकून असतात. ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने मांडलेल्या मूल्यांची रांग. ‘रांगेतील आकड्यांची सरासरी काढा’ हा प्रश्न दिसावयास सोपा. परंतु त्यात एक मेख आहे.

दिल्लीकर वाचकांच्या परिचयाचेच उदाहरण घेऊ. सन २०१५ च्या एप्रिलपासून आपल्या देशात राष्ट्रीय वायुगुणवत्ता निर्देशांक प्रचारात आला. निरनिराळ्या प्रदूषकांच्या उपनिर्देशांकांपैकी जो सर्वांत मोठा, तो त्या केंद्राचा निर्देशांक होय. शहराचा निर्देशांक मात्र केंद्रांच्या सरासरीने ठरतो.

समजा, चारच केंद्रे आहेत. आनंद विहार ३४०, पंजाबी बाग ३००, रामकृष्णपुरम ३२०. लोधी रोडची नोंद आलीच नाही. नवशिका विद्यार्थी त्या रिकाम्या घरात शून्य भरतो आणि ९६० या बेरजेस ४ ने भागून २४० हे उत्तर काढतो. वस्तुतः भागावयाचे ते ३ ने. खरे उत्तर ३२०. आता २०१ ते ३०० म्हणजे ‘खराब’ हवा आणि ३०१ ते ४०० म्हणजे ‘अत्यंत खराब’. एका शून्यामुळे हवेची श्रेणीच बदलली! दम्याने त्रासलेल्या आजोबांनी सकाळी फिरावयास जावे की नाही, हा निर्णय ज्या घरात अशा आकड्यावर घेतला जातो, तेथे ही चूक केवळ वहीतली राहत नाही.

उपाय सोपा आहे. ‘बेरीज’ आणि ‘संख्या’ अशी दोन खाती उघडावी व दोहोंत आरंभी शून्य ठेवावे. रांगेतील एकेक घर पाहत जावे. नोंद असेल तरच ती बेरजेत मिळवावी व संख्या एकाने वाढवावी. नसेल तर पुढील घराकडे वळावे. रांग संपल्यावर बेरजेस संख्येने भागावे. मात्र संख्या शून्यच राहिली असेल, तर भागाकार न करता ‘नोंद उपलब्ध नाही’ असे प्रामाणिकपणे सांगावे.

मुलांनी हे प्रथम कागदावर करून पाहावे, मग संगणकापाशी बसावे. जे ठाऊक नाही ते शून्य मानू नये, एवढे या धड्यातून उमगले, तरी आजचा अभ्यास सार्थकी लागला म्हणावयाचा.