आक्काची गोळी काळूला नको

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. गल्लीतल्या आक्का सकाळीच दारात आल्या. "जयभीम ताई. काळू उठतच नाही. मागचे पाय धरलेत. तुम्ही नर्स आहात, काहीतरी सांगा."

काळू अकरा वर्षांचा, आक्कांच्या उंबऱ्यावरच म्हातारा झालेला. आक्कांनाही गुडघेदुखी, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या दुखीच्या गोळ्या घरात होत्याच. मी म्हणाले, "अर्धी द्या, भाकरीच्या तुकड्यात." तीन दिवस दिली. चौथ्या दिवशी काळूला उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली, त्याने खाणं सोडलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासली, तेव्हा डॉक्टर म्हणाले की किडनीचं दुखणं जुनं आहे. तो खूप पाणी प्यायचा, सारखा लघवीला जायचा, वजनही उतरलं होतं. आम्ही त्याला वय समजलो. त्यात माझ्या अर्ध्या गोळीने भर घातली.

चूक माझी होती. माणसांची नर्स म्हणजे जनावरांची डॉक्टर नव्हे. म्हणून आज हे लिहिते आहे.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य कमी करतात. त्याने सूज उतरते, ठणका थांबतो. पण किडनीला रक्त नीट मिळावं आणि जठराचं अस्तर शाबूत राहावं, यासाठीही हेच द्रव्य लागतं. आजारी किडनी तर त्याच्याच आधारावर तग धरून असते. तो आधार गोळीने काढला की किडनी आणखी ढासळते. आठवा, आपल्याकडची गिधाडं कशाने संपली? डायक्लोफिनॅक दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. म्हणून २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. पॅरासिटामॉललाही साधं समजू नका. मात्रा चुकली तर कुत्र्याचं यकृत बिघडतं, आणि मांजराला एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

पण दुसरं टोकही मला मान्य नाही. "किडनी गेली, आता औषध नाही. म्हातारं झालंय, सोसेल." का सोसेल? सांधेदुखीचं कुत्रं नेहमी केकाटत नाही. ते उठताना अडखळतं, पायरी टाळतं, सांधा चाटत बसतं, हात लावला की गुरगुरतं. ते चिडकं झालेलं नसतं, त्याला दुखत असतं.

आधी तपासणी, मग औषध. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी पाहून किडनी किती बिघडली आहे ते डॉक्टर ठरवतात. त्रास सुरुवातीचा असेल तर कुत्र्यांसाठीचं दुखीचं औषध कमीत कमी मात्रेत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत देता येतं. उलट्या होत असतील किंवा अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवायचं. स्टिरॉइड चालू असेल तर ते आधीच सांगायचं. काही कुत्र्यांना गॅबापेंटिन देतात. तेही किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो कुत्र्याला विषारी आहे.

बाकीचं आपल्या हातात आहे, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. गार फरशीवर झोपवू नका, जुन्या गोधडीच्या चार घड्या घाला. पाय घसरतात तिथे गोणपाट टाका. पायरीला फळी लावा. सोसेल इतक्या कोमट कापडाने सांधे शेका. एकदाच लांब फिरवण्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा थोडं चालवा. वजन वाढू देऊ नका. पाणी कधीही तोडू नका. लघवी जास्त होते म्हणून पाणी कमी करणं ही मोठी चूक आहे. हाडं, सुकट, पापड, खारट उरलंसुरलं बंद करा. द्राक्षं आणि बेदाणे तर कोणत्याच कुत्र्याला देऊ नका.

एक गोष्ट आपल्या घराशीही जोडलेली आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून लेप्टो कुत्र्याला होतो आणि त्याची किडनी बिघडवतो. त्याच्या लघवीतून तो माणसालाही होऊ शकतो. त्याची लस असते, ती कुत्र्याला टोचून घ्या. लघवी साफ करताना हातमोजे घाला.

माझं म्हणणं एवढंच. वस्तीत जनावरांचं शिबिर लागतं तेव्हा रेबीजच्या लशीवर समाधान मानू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांची रक्त-लघवी तपासणीही मागा. एकट्याने मागितली तर कुणी ऐकत नाही, गल्लीने मिळून अर्ज द्या.

काळू त्यानंतर आठ महिने जगला. गोधडीवर, बेताच्या औषधावर, शेपूट हलवत. त्याच्या तपासणीनंतर मी आक्कांनाही दवाखान्यात नेलं, कारण त्या तीच गोळी दोन वर्षं रोज घेत होत्या. त्यांचंही क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलली. आक्का आजही म्हणतात, "काळूने मला वाचवलं." तुमच्या घरातही अशी रोजची गोळी असेल, तर या आठवड्यात तपासून घ्या.