कुत्रे-मांजर आणण्यापूर्वी आयुष्याचा हिशेब

व्यापारी माणूस मुदत पाहिल्यावाचून सही करीत नाही. हुंडी असो, ठेव असो की वखारीचा भाडेपट्टा असो, तारीख प्रथम वाचली जाते. सौंसरचा संत्रा-बागाईतदारही कलम लावताना पाचव्या-सहाव्या वर्षी फळ धरेल व पुढे कित्येक वर्षे बाग चालेल, हा अंदाज मनाशी बांधूनच खड्डे खणतो. परंतु याच घरांत कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे झाले की रंग, जात व नागपुरातील भाव एवढीच चौकशी होते. हा जीव किती वर्षे जगेल आणि तितकी वर्षे या घरात त्याच्यापाशी कोण असेल, हे विचारणारा आम्हांस क्वचितच भेटतो. पिलाचा हट्ट धरणारा दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांत शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास जातो, कन्या सासरी जाते, आणि म्हातारे झालेले जनावर मागे उरलेल्या वृद्ध दांपत्याच्या किंवा दुकानातील नोकराच्या गळ्यात पडते. काही अभागी तर रस्त्यावरच सोडली जातात.

कुत्र्यांच्या बाबतीत एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. हत्ती उंदराहून दीर्घायुषी, हा सृष्टीचा सर्वसाधारण क्रम. कुत्र्याच्या जातींत मात्र तो उलटा होतो. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा आठ-दहा वर्षांत आटोपतो, तर लहानखुरा पॉमेरेनियन बारा ते पंधरा वर्षे सोबत करतो. मोठ्या जातीची पिले फार झपाट्याने वाढतात आणि त्यांना वार्धक्यही लवकर गाठते. बंगल्याच्या फाटकाशी शोभेल म्हणून भव्य कुत्रा निवडणाऱ्याने शोभेची ही किंमत आधी समजून घ्यावी.

देहाइतकेच नाकही महत्त्वाचे! दूरचित्रवाणीवरील एका जाहिरातीमुळे २००३ नंतर पग घरोघरी दिसू लागला. ब्रिटनमधील तीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मृत्युनोंदींवरून २०२२ साली जे गणित मांडले गेले, त्यात जॅक रसेल टेरिअरचे अपेक्षित आयुष्य १२.७ वर्षे, लॅब्राडोरचे ११.८, तर पगचे अवघे ७.७ वर्षे निघाले. बसक्या नाकाचा प्राणी धापा टाकून अंग थंड करू शकत नाही. विलायतेच्या गारव्यात ही स्थिती, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकणाऱ्या आमच्या भागात त्याचे काय होत असेल? आमच्या मते सौंसर-पांढुर्ण्यास शोभणारा प्राणी म्हणजे आपला गावठी कुत्राच. त्याला येथील ऊन सोसते, आणि वेळच्या वेळी लस टोचून घरात सांभाळला तर बारा-तेरा वर्षे तो सहज काढतो.

आयुष्याचा पूर्वार्ध कामाचा असला, तरी उत्तरार्धही कोणीतरी सांभाळावाच लागतो. १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्राडोरने हजारो किलो आरडीएक्स हुडकून काढले. २००० साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे आठ वर्षांचे होते. २००८ च्या नोव्हेंबरातील हल्ल्यात कामगिरी बजावलेले मॅक्स, सुलतान, टायगर व सीझर हे निवृत्तीनंतर विरारनजीकच्या एका शेतघरात राहिले, आणि एकट्या २०१६ सालात चौघेही निवर्तले. शेवटचा सीझर अकरा वर्षांचा होता. नोकरी संपल्यावरही त्यांना छप्पर, औषध आणि माणूस मिळाले. आपल्या दारच्या राखणदाराला तितके मिळेल की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दीर्घायुष्याचा दुसरा धागा ताटात आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिले निवडून निम्म्यांना सोबत्यांपेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर देण्यात आले. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कमी खाणारी साधारण तेरा वर्षे जगली व पोटभर खाणारी सव्वाअकरा. तूप लावलेली पोळी, पेढा, सणाची पुरणपोळी हे लाड नव्हेत. ती आयुष्यातील कपात होय. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास घातक असतात. ते आमच्या स्वयंपाकघरांत आपोआपच टळते, हा एक लाभच म्हणावयाचा. बेदाण्यांच्या डब्यावर मात्र नजर ठेवावी, कारण द्राक्षे व बेदाणे त्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

मांजराचा प्रश्न आमच्या समाजास अधिक अवघड आहे, आणि तो संकोचाने टाळला जातो. कुत्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने, नीट जुळविलेल्या शाकाहारावर राहू शकतो. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते अन्नातून न मिळाल्यास दृष्टी जाते व हृदय दुबळे होते, हे हृदयरोगाचे कारण १९८७ साली उघड झाले. दूध-पोळीवर ठेवलेले मांजर अहिंसक होत नाही, ते केवळ अल्पायुषी होते. घरात राहून योग्य अन्न मिळालेले मांजर पंधरा वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. एवढी वर्षे त्याच्या स्वभावाचे अन्न आणणे ज्या घरास मान्य नसेल, त्याने मांजर आणू नये. वखारीतील धान्याचे उंदरांपासून रक्षण व्हावे म्हणून मांजर ठेवावयाचे आणि त्याच्या आहाराकडे मात्र डोळेझाक करावयाची, हा दुटप्पीपणा आम्हांस पसंत नाही.

आता राहिला माणसांच्या वयाचा हिशेब. सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाने दोन महिन्यांचे पिल्लू आणणे म्हणजे दुसऱ्याच्या नावावर हुंडी लिहिणे होय. त्याने सहा-सात वर्षांचा, शांत झालेला गावठी कुत्रा पत्करावा. असे कितीतरी प्राणी आश्रयस्थानांत पडून आहेत. पिलामागे धावणाऱ्या लोकांना ते नकोसे असतात. ज्या कुटुंबात मूल नुकतेच शाळेत जाऊ लागले आहे, त्याने पिल्लू आणले तर गणित बहुधा जमते. आपल्यामागे प्राणी कोणाकडे जाईल, त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीने लिहून ठेवावे, आणि औषधपाण्यासाठी काही रक्कम निराळी काढावी. मोठे दुखणे निघाले तर नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय येथून साठ-सत्तर किलोमीटरांवर आहे. त्या फेऱ्यांचा खर्च व वेळ कोण देणार, हेही त्याच कागदावर असावे.