गदारोळात मंजूर झालेले कर

21 मार्च 2025 रोजी कर्नाटक विधानसभेत जो गोंधळ झाला, त्याची वर्णने वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने छापली. सरकारी कंत्राटांत मुस्लिम कंत्राटदारांना 4 टक्के वाटा राखणारे विधेयक आणि 'हनी ट्रॅप'चे आरोप यांवरून भाजपचे आमदार अध्यक्षांच्या आसनाकडे धावले, कागद फाडून भिरकावले गेले आणि 18 आमदार सहा महिन्यांसाठी निलंबित झाले. सुमारे दोन महिन्यांनी हे निलंबन मागे घेण्यात आले. परंतु त्याच दिवशी, त्याच गदारोळात, मंत्री व आमदार यांचे पगार वाढविणारी विधेयके चर्चेविना मंजूर झाली, ती मात्र मागे घेतली गेली नाहीत. मुख्यमंत्र्यांचे वेतन 75 हजारांवरून दीड लाख, मंत्र्यांचे 60 हजारांवरून सव्वा लाख आणि आमदारांचे 40 हजारांवरून 80 हजार रुपये झाले. घसा कोरडा होईपर्यंत ओरडणाऱ्या दोन्ही बाकांना या एका प्रश्नावर बोलण्यासारखे काही सापडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच सुमारास आणखी एक लहानसा बदल झाला. व्यवसायकर नोकरदाराच्या पगारातून दरमहा 200 रुपये कापला जातो. 1 एप्रिल 2025 पासून फेब्रुवारी महिन्यापुरता तो 300 रुपये झाला. वर्षाचे 2,400 होते, ते 2,500 झाले. शंभर रुपयांसाठी कोण भांडणार, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न शंभर रुपयांचा नाही, कराच्या रचनेचा आहे.

बेंगळूरच्या चिकपेटेत हा प्रश्न चांगला दिसतो. अव्हेन्यू रोड, बळेपेट, नगरतपेट यांच्या गल्ल्यांनी वेढलेल्या या जुन्या पेठेत रेशमी साड्यांची दुकाने आहेत, सोन्याचांदीचा व्यापार आहे; विटा-आटपाडीकडून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेल्या मराठी कुटुंबांना असे बाजार परके नाहीत. येथे गठ्ठे वाहणारा हमाल व्यवसायकरातून सुटतो, कारण 25 हजारांखालील मासिक पगाराला 2023 पासून माफी आहे, आणि हे योग्यच झाले. परंतु ज्या कारकुनाचा पगार ओव्हरटाइम धरून कसाबसा ती रेषा ओलांडतो, तो 2,500 रुपये भरतो. महिना पाच लाख मिळवणारा कंपनीचा व्यवस्थापकही 2,500 रुपयेच भरतो. जुन्या राजवटींत कारागिरांच्या मागांवर व दुकानांवर मोहतर्फा घेतला जाई. त्यातही माणसाची ऐपत थोडीफार पाहिली जात असे!

या उफराट्या न्यायाचे मूळ घटनेच्या 276 व्या कलमात आहे. व्यवसायकराची कमाल मर्यादा आरंभी वर्षाला 250 रुपये होती. 1988 च्या 60 व्या घटनादुरुस्तीने ती 2,500 झाली आणि तेथेच थांबली. म्हणजे राज्याने श्रीमंताकडून अधिक मागायचे ठरवले तरी हात बांधलेले. खालच्या थरातून मात्र कमाल रक्कम काढून घेता येते. कर्नाटक सरकारने नेमके तेच केले. मर्यादा वाढवून चढत्या श्रेणीचा कर लावण्याची परवानगी द्या, असा ठराव विधानसभा केंद्राकडे पाठवू शकली असती. त्यासाठी सभागृह चालावे लागते.

राज्यांच्या तिजोऱ्या अशा कोपऱ्यांतून पैसे का शोधतात, हेही सांगितले पाहिजे. 1957 पासून कापडावर राज्याचा विक्रीकर नव्हता. त्याऐवजी केंद्र अतिरिक्त अबकारी शुल्क घेऊन राज्यांना वाटा देत असे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला आणि कापडावर 5 टक्के कर बसला. तो बसवताना वा बदलताना विधानसभेला दर ठरविण्याचा अधिकार उरला नाही. जीएसटी कौन्सिलमध्ये केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राने नकार दिला की सगळी राज्ये एकवटूनही निरुपाय. जून 2022 मध्ये नुकसानभरपाईची मुदतही संपली. उरले ते इंधन, दारू, मुद्रांक आणि हा व्यवसायकर.

इंधनाचे काय झाले ते पाहा. लोकसभा निवडणुकीचे निकाल लागताच, जून 2024 मध्ये, पेट्रोलवरील विक्रीकर 25.92 वरून 29.84 टक्के करण्यात आला आणि डिझेलवरीलही चार टक्क्यांनी वाढला. 1 एप्रिल 2025 रोजी डिझेलवरील कर पुन्हा वाढून 21.17 टक्के झाला. ही वाढ अधिसूचनेने होते. विधेयक नाही, मतदान नाही. सुरतेहून चिकपेटेला येणारा कापडाचा ट्रक वाढलेल्या भाड्याने येतो आणि ते भाडे साडीच्या किमतीत मिसळून गिऱ्हाइकाच्या माथी बसते. गॅरंटी योजनांसाठी पैसा हवा, असे सरकार म्हणते. योजना गरिबांच्या उपयोगाच्या आहेत, यात वाद नाही. पण त्यांचा खर्च डिझेलमधून गरिबांकडूनच वसूल करायचा, तर देणारा कोण आणि घेणारा कोण?

मग जुलै 2025 मध्ये व्यापारी कर खात्याने यूपीआयच्या नोंदी चाळून हजारो लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या. 2021-22 पासूनची उलाढाल एकदम मोजली गेली. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला 29 लाख रुपयांची मागणी आली. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, हे खात्याला ठाऊक नसावे असे कोण म्हणेल? बेंगळूरच्या दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे फलक लागले आणि 25 जुलैला बंदची हाक दिली गेली.

तेव्हा कुठे सरकार नमले. जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी 23 जुलैला व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत जाहीर केले. विधानसभेचे पावसाळी अधिवेशन 11 ऑगस्टला सुरू व्हायचे होते.