होडीच्या फोडांवर नुसता रंग नको

शेतीच्या पानावर होडी कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण कर्ली, कालावली, वाघोटणच्या खाडीकाठी भात आणि होडी एकाच घरात नांदतात. भात वर्षाचे खाणे देतो, रोजचा पैसा होडी आणते.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पीक पाहणीला गेलो असता एका घरधन्याने फायबरची होडी उलटी करून दाखवली. तळाला चिंचोक्यापासून रुपयाएवढे फोड. "साहेब, फायबर कुसलो. इकून टाकतंय." घेणाऱ्याने निम्मी किंमत सांगितलेली! मी कृषी पदविकेचा माणूस, पण हे काही मला पटले नाही.

लोणच्याच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते ना? तसाच हा प्रकार. फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, पाणी अगदी हळू आत झिरपते. आत रेझिनमधले न जमलेले अंश त्यात विरघळतात. त्या द्रावाला मग आणखी पाणी ओढायची सवय लागते आणि फोड फुगतो. फोडलात तर आंबूस वास येतो. गोड्या पाण्यात हे जास्त होते, आणि पावसाळ्यात आपली खाडी गोडीच असते. बारमाही पाण्यात राहणारी होडी लवकर फोडते, रोज वाळूवर ओढलेली उशिरा.

चार-दोन फोडांनी होडी बुडत नाही. नाण्याने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर घरचे काम. बद्द आवाज दूरपर्यंत येत असेल, तळ दाबल्यावर लवत असेल, तर मात्र जाणत्या कारागिराला बोलवा. तिथे हौस नको.

फोडताना डोळ्यांना चष्मा हवाच, आतले पाणी आम्लाचे असते आणि जोराने उडते. घट्ट फायबर लागेपर्यंत बशीसारखा उथळ खड्डा घासून काढा. तोंडाला मास्क, अंगात लांब बाह्यांचा सदरा, नाहीतर काचेची खाज चार दिवस जात नाही. मग गोड्या पाण्याने धुवा. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. आतला चिकट अंश राहिला तर तो परत पाणी ओढणार.

आणि इथेच आपण चुकतो. बंदी लागली, होडी वर आली, की जून-जुलैत डागडुजी काढतो. त्या हवेत फायबर वाळणार कसा? काम एप्रिल-मेमध्येच काढा, चार दिवसांची मासळी गेली तरी चालेल. वाळले की नाही हे पाहायला प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी आत दव दिसले तर थांबा.

भरायला इपॉक्सी घ्या. गाड्यांच्या गॅरेजातली पुट्टी स्वस्त पडते, पण ती पाणी पिते. वर्षाने फोड पुन्हा हजर. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला, जास्त घालून लवकर सुकत नाही, उलट कच्चे राहते. थोडे थोडे कालवा, मोठ्या डब्यात ते तापून धुरावते. काम दुपार कलल्यावर करा, चढत्या उन्हात आतली हवा फुगून बुडबुडे येतात. खोल खड्ड्यात आधी काचेच्या विणलेल्या कापडाचे तुकडे बसवा, मग वर चार-पाच हात द्या. आणि कोणी पॉलिस्टर रेझिन वापरत असेल तर त्याचे कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका. स्फोट होतो.

सरपंच आणि ग्रामसेवकांनाही एक विनंती. धक्क्याजवळ पत्र्याची एक उघडी शेड झाली तर वळवाच्या सरीत अर्धवट वाळलेली होडी भिजणार नाही. समाजमंदिरांना कमी नाही, एवढेही व्हावे.

त्या घरधन्याचा प्लॅस्टिकचा तुकडा तीन आठवड्यांनीही ओला निघाला. वैतागून तो पुट्टी आणायला निघाला होता, बायकोने थांबवला. मेअखेरीस भराव झाला, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. यंदा एप्रिलमध्ये ती पुन्हा उलटी करू, तेव्हा मीही नाणे घेऊन जाणार आहे.