राख म्हणजे खत नव्हे

गेल्या मे महिन्यात आमच्या करडीच्या शिवारात उन्हाळी धान निघालं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बांधीत काडी पडली. हार्वेस्टरनं कापलेलं धान. गुडघ्याएवढी धसकटं आणि वर पसरलेलं तणस. वारा सुटला. आग धुरा ओलांडून माझ्या तणसाच्या ढिगाला लागली. दोन बैल आणि एका म्हशीचा चार महिन्यांचा चारा तासाभरात गेला. पोरगा तसा चांगला आहे, बादल्या घेऊन धावला. पण विझल्यावर म्हणतो काय, "काकाजी, जाऊ द्या ना. राख पडली, खतच झालं."

माझं भांडण चाऱ्यापेक्षा या वाक्याशी आहे. अर्धा तालुका हेच बोलतो.

तणस मोकळ्यावर पेटवलं की त्यातला कर्ब जवळजवळ सगळा धुरावाटे जातो. नत्र जातं, गंधकही बरंच जातं. उरते ती राख, म्हणजे थोडं पालाश आणि बाकी बरीचशी सिलिका, वाळूच्याच जातीची. त्यातलंही पालाश जोराच्या पावसात वाहून बोडीकडे जायला मोकळं. याला खत म्हणायचं असेल तर घर पेटवून भिंती शेकल्या म्हणा.

कोळशाची गोष्ट वेगळी. आमच्या लहानपणी लोहाराची भट्टी लाकडी कोळशावर चालायची. भट्टी बंद पडली, जागा पडीक झाली. पुढं कितीतरी वर्षांनी तिथं खड्डा खणला तर कोळशाचे तुकडे तसेच. लाकूड सडतं, कोळसा सडत नाही, हे आम्हाला ठाऊकच होतं. त्याला बायोचार म्हणतात, एवढं मात्र साठी ओलांडल्यावर कळलं. अमेझॉन नदीच्या काठी जुन्या लोकांनी कोळसा, हाडं, खापऱ्या घालून केलेली काळी माती शेकडो वर्षांनंतर अजून कसदार आहे म्हणतात.

तुराटी पेटते तेव्हा आधी पाणी निघतं. दोनशे अंशांच्या पुढं काडी आतून फुटायला लागते, वायू सुटतात. आपण ज्याला जाळ म्हणतो तो या वायूंचा. चारशे-पाचशेपर्यंत ते बहुतेक निघून जातात आणि काळा सांगाडा राहतो. त्याला हवा मिळाली की राख, हवा तोडली की कोळसा. सगळा खेळ इथंच आहे.

माझा खड्डा वर चार फूट रुंद, खाली दीड, खोल तीन. तळाशी जाळ करायचा. काड्यांवर पांढरी राख धरू लागली की दुसरा थर टाकायचा. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, खालच्याला मिळत नाही. खड्डा भरला की पाणी, आणि तेही हात न आखडता. पहिल्या वर्षी मी दोन घागरी ओतून जेवायला गेलो. सकाळी पाहतो तर दोन टोपली राख! मग त्या पोरात आणि माझ्यात फरक काय? नीट जमलं तर शंभर किलो वाळलेल्या तुराट्यांचा वीस-पंचवीस किलो कोळसा होतो. जास्त सांगणारा काहीतरी विकायला आला आहे असं समजा.

विकणारे येतातच. एका सभेत एक साहेब म्हणाले, सगळ्या तणसाचं बायोचार करा. साहेबांच्या दारी बैल नसावा. तणस आधी जनावराचं; ते खाऊन शेण देतं. कोळशाला तुराट्या घ्या, धुऱ्यावरची झुडपं घ्या, बेशरम घ्या, राईस मिलचा तूस घ्या. आणि पिशवीत भरून 'खत' म्हणून विकतात ते तर साफ खोटं. कोळशात खत नसतं, तो खत धरून ठेवतो. कोरा टाकला तर मातीतलंच नत्र ओढून बसतो. माझे पऱ्हे एकदा असेच पिवळे पडले. आता पंधरा दिवस गोमूत्रात आणि शेणकाल्यात मुरवल्याशिवाय मी चिमूटभर टाकत नाही.

घरची म्हणाली, "तुराट्या खड्ड्यात घालता, मंग चुलीत काय घालू?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिलिंडरचा भाव तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिच्या चुलीतून उरतं तेवढंच खड्ड्याला मिळतं.

भरपाई मी मागितली नाही. दिवाळीनंतर पोरानं न बोलता एक ट्रॉली तणस आणून टाकलं. मी म्हटलं, "तुराट्याही दे ना गा." द्यायला तयार होता तो, पण त्याच्या आईनं चुलीसाठी ठेवून घेतल्या.