झाडांना तिकीट नको

भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. आज ती म्हटली की पेंग्विन आणि वाघ आठवतात, पण मुळात ती वनस्पतिउद्यान आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, खोडालाच फुलं येणारा कैलासपती अशी झाडं तिथे वाढली. उर्वशी फुलते तेव्हा तांबडे घोस फांद्यांवरून खाली लोंबतात. ते पाहायला मुद्दाम जावं. या वृक्षांसाठी मुंबईकर नागरिक नेटाने लढले, हे ऋण विसरता येणार नाही.

२०१७ मध्ये मोठ्यांचं प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० रुपये झालं. प्राण्यांची निगा, वातानुकूलन यांना पैसा लागतो, हे मान्य. पण लालबाग-माझगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या आजीला संध्याकाळी नुसतं सावलीत बसायचं असेल, तर तिने पेंग्विनचा खर्च का द्यावा?

सिंगापूरचं वनस्पतिउद्यान १८५९ सालचं. २०१५ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत तिथे कुणीही मोफत जातो. तिकीट लागतं ते आतल्या ऑर्किड उद्यानाला. लोक येतात, चटया अंथरतात, मुलं गवतावर लोळतात.

राणीच्या बागेतही हे करता येईल. प्राणी पाहणाऱ्याला तिकीट असू द्या. ज्याला फक्त झाडाखाली बसायचं आहे, त्याला फाटक उघडं ठेवा. महापालिकेने निदान उन्हाळ्याच्या सुट्टीपासून तरी सुरुवात करावी.