गैरहजर, स्थलांतरित, मयत

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, निर्वाचन सदन, नवी दिल्ली यांस

महोदय,

मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक. आता निवृत्त आहे. नोकरीत शिकवण्याच्या खालोखाल कुठलं काम केलं असेल तर ते तुमचं. याद्या दुरुस्त केल्या, चिठ्ठ्या वाटल्या, यंत्रं जिवापाड जपत एसटीतून नेली-आणली. २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक ही केंद्राध्यक्ष म्हणून माझी शेवटची. त्या दिवशी पाहिलेले दोन कागद डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून हे पत्र.

पहिला कागद म्हणजे एएसडी यादी. तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. चिठ्ठ्या वाटताना बीएलओला, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, जे मतदार घरी सापडत नाहीत, त्यांची ही यादी. गैरहजर, स्थलांतरित, मयत. त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणी मत टाकू नये म्हणून केंद्राध्यक्षाने ती समोर ठेवायची. हेतू रास्त आहे, तक्रार नाही. पण आमच्याकडे दिवाळीनंतर ही यादी केली की ती लांबतच जाते. वर वारलेली आजी आणि खाली तिचा नातू, एकाच कागदावर. नातू त्या घटकेला कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात मोळ्या बांधत होता. चांगला धडधाकट, सव्वीस वर्षांचा. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता.

दुसरा कागद म्हणजे चिन्हांकित यादी. मतदार आला की पहिला मतदान अधिकारी त्याच्या नावाच्या चौकटीवर तिरकी रेघ मारतो. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करतो. संध्याकाळी सहानंतर, मोहोरबंद करण्याच्या गडबडीत, मी ती यादी चाळली. घरांच्या क्रमाने नावं. सासऱ्यावर रेघ, सासूवर रेघ आणि गोल, मुलगा कोरा, सून कोरी. पुढचं घर, तेच. पान उलटलं, तेच. वयाचा रकाना हाताने झाकून कुणी नुसत्या रेघा दाखवल्या असत्या तरी मी वय सांगितलं असतं. साठीच्या पुढे रेघा, विशी ते पंचेचाळीस पान कोरं.

दिल्लीत बसून ही यादी कुणी पाहिली तर म्हणेल, तरुणांना राजकारणात रस नाही, जनजागृती वाढवा.

रसाचं म्हणाल तर ऐका. मतमोजणीच्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, सकाळी साडेनऊपासून माझा फोन वाजत होता. "गुर्जी, कितवी फेरी चालूय? आपल्या गटाची पेटी फुटली का?" पेट्या जाऊन यंत्रं आली त्याला दोन दशकं झाली, पण आमच्याकडे पेटीच फुटते. फडात एकाचा मोबाइल चार्ज असतो, बाकीचे त्याच्याभोवती. कोण कुठल्या गावात मागे पडला, कुणी कुणाची मतं खाल्ली, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. लोकसभेला १३ मे रोजी मतदान होतं, तेव्हा हीच माणसं गावात होती, रांगेत उभी होती. बीडची ती जागा ६,५५३ मतांनी फिरली. त्यातली आपली किती, याचा हिशेब ते अजून घालतात. सहा महिन्यांनी त्यांच्यातलेच कितीतरी जण यादीवर कोरे राहिले. माणसं तीच, तारीख वेगळी.

तारखेचा हिशेब असा. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडून, उन्हाळ्या-पावसाळ्यात आगाऊ उचल घ्यायची, ती लग्नात, दवाखान्यात किंवा सावकाराकडे जिरते, मग दिवाळी झाली की बैलगाडीवर किंवा ट्रकमध्ये संसार भरून निघायचं. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, खाली बेळगाव, बागलकोटपर्यंत. पट्टा पडला की, म्हणजे कारखाना बंद झाला की, मार्च-एप्रिलमध्ये परत. बीडच नव्हे, पाथर्डी, शेवगाव, जामखेड, भूम, परांडा या साऱ्या पट्ट्यातून अशी लाखो माणसं जातात. यात नवं काही नाही. माझ्या आजोबांच्या काळापासून चालू आहे.

आता विधानसभेच्या तारखा पाहा. २००४ ला १३ ऑक्टोबर, २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर. चारही वेळा कोयता गावात. २०२४ ला लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला, राज्य सरकारने गाळपाची तारीख दिली १५ नोव्हेंबर, आणि तुम्ही मतदान ठेवलं २० नोव्हेंबरला. खरं सांगायचं तर काही टोळ्या थांबल्याही होत्या. पण थांबायचं की निघायचं हे मुकादमाने ठरवलं, मतदाराने नाही. मुकादमाने कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं, ते आमच्या तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये हरियाणाबरोबर महाराष्ट्राची निवडणूक का जाहीर केली नाही, असं विचारल्यावर तुमच्या आयोगाने पाऊस सांगितला, आणि गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी अशी सणांची माळ सांगितली. पितृपक्षाचा विचार झाला याचं मला कौतुक आहे. पण त्याच यादीत गळीत हंगाम हे दोन शब्द बसले नसते का?

आणि तारखा हलत नाहीत असं तर मुळीच नाही. २०२२ मध्ये पंजाबचं मतदान १४ फेब्रुवारीवरून २० वर नेलंत, कारण गुरू रविदास जयंतीसाठी लोक वाराणसीला जातात. २०२३ मध्ये राजस्थानचं २३ नोव्हेंबरवरून २५ वर, कारण त्या दिवशी देवउठनी एकादशी आणि लग्नांची दाट तिथी. २०२४ मध्ये हरियाणाचं १ ऑक्टोबरवरून ५ वर, कारण बिश्नोई समाज अमावस्येला राजस्थानात जातो. तिन्ही निर्णय योग्यच होते. माणूस गावाबाहेर असणार हे कळल्यावर तुम्ही तारीख बदललीत. देवाला गेलेल्या आणि वरातीला गेलेल्या माणसासाठी जे झालं, ते पोटाला गेलेल्या माणसासाठी व्हावं, इतकंच मागणं आहे.

"एक दिवस येऊन मत देऊन जायला काय होतं?" हा प्रश्न मला पुण्यात एका लग्नात विचारला गेला. विचारणारे गृहस्थ स्वतः लोकसभेच्या मतदानाला महाबळेश्वरात होते, पण ते असो. येण्याचं गणित सांगतो. फड कागल किंवा निपाणीकडे असेल तर गाव साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. रात्रभर प्रवास, दिवसा मत, पुन्हा रात्रभर प्रवास. दोघांचं भाडं. दोन दिवसांचा खाडा, तो उचलीतून वळता होतो. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लहान पोरं. आणि बैलं? माणूस शेजाऱ्याला सांगून जाईल, पण वैरण-पाण्याला बांधलेली दावणीची जोडी सोडून कोणता गाडीवान जाईल?

कायद्यात सुट्टीची तरतूद आहे, ठाऊक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब: मतदानादिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवरच्या माणसालाही. मालकाने मोडलं तर दंड पाचशे रुपयांपर्यंत. पण फडात मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी, ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम म्हणतो मी तर यांच्यातलाच. आणि समजा सुट्टी मिळालीच, तर एका दिवसाच्या सुट्टीत साडेतीनशे किलोमीटर जाऊन परत येणारी एसटी कुठल्या आगारातून सुटते?

गंमत पुढेच आहे. १८ डिसेंबर २०२२ ला ग्रामपंचायतींचं मतदान भर हंगामात झालं. ती निवडणूक तुमच्या नाही, राज्य निवडणूक आयोगाच्या हातातली. तेव्हा मात्र फडातली माणसं गावात आली. कशी? उमेदवारांनी जीपगाड्या पाठवल्या. रात्रीत नेलं, सकाळी रांगेत उभं केलं, दुपारी परत सोडलं. सरपंचकीला पाच-पन्नास मतांनी निकाल फिरतो, तेव्हा एकेका कोयत्याला भाव. तुमच्या निवडणुकीत कुणी उमेदवाराने अशी फुकट गाडी पाठवली तर त्याच कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे ते भ्रष्ट आचरण. म्हणजे ऊसतोड मजुराने मत द्यायचं तर कुणीतरी कायदा मोडला पाहिजे, आणि सगळ्यांनी कायदा पाळला तर याचं मत बुडालं. शिवाय ज्याच्या जीपमधून आला त्याला सोडून दुसऱ्याचं बटण दाबायला माणसाला किती हिंमत लागते, हे मी केंद्रात बसून पाहिलेलं आहे.

मत न देणाऱ्यांना मी सरसकट पाठीशी घालत नाही. २० मे २०२४ ला कल्याणमध्ये, दक्षिण मुंबईत निम्म्याच्या आसपास मतदान झालं. त्यात उन्हात रांग हलेना म्हणून परतलेले होते, नाव गळालेले होते, आणि जोडून सुट्टी आली म्हणून गेलेलेही होते. कुणीच पसंत नसेल तर २०१३ पासून नोटा आहे. उमेदवार नको म्हणणं आणि रांग नको म्हणणं यातला फरक मला कळतो. आमच्याकडे काही गावं "रस्ता नाही तर मत नाही" असा फलक लावतात. मी तर त्याला राजकारणातला रसच म्हणेन, कारण फलक लागला की तहसीलदार सकाळी गावात हजर. फडाला गेलेल्या गावात मात्र कुणी येत नाही. तिथे फलक लावायला तरणं माणूसच नसतं. पण तुमच्या टक्केवारीत हे सगळे एकच: मत न दिलेले. त्यांच्यासाठी एकच उपाय: चित्ररथ, रांगोळी, प्रभातफेरी. प्रभातफेऱ्या मी स्वतः काढल्या आहेत. "चला मतदान करू या" म्हणत ज्या पोरांना मी गल्लीतून फिरवलं, त्यातल्या निम्म्यांचे आई-बाप गावात नव्हते. पोरं आजीजवळ राहिलेली. कुणाला जागं करत होतो आम्ही?

आयोगाला हे कळत नाही असं मी म्हणणार नाही. २९ डिसेंबर २०२२ च्या तुमच्याच निवेदनात आहे की २०१९ ला तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही आणि स्थलांतर हे त्याचं मोठं कारण. त्यासाठी दूरस्थ मतदान यंत्र दाखवलंत, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांची बैठक झाली, शंका निघाल्या, आणि ते यंत्र आमच्या फडापर्यंत काही आलं नाही. काश्मीरमधून परागंदा झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर, दिल्लीत केंद्रं काढलीत. गिरच्या जंगलात बाणेजला एका मतदारासाठी केंद्र उभारलंत; त्याची बातमी मी वर्गात वाचून दाखवायचो, अभिमानाने. पंच्याऐंशी वर्षांपुढच्यांच्या घरी जाऊन मत घेता, ती पेटी घेऊन मीही डोंगर चढलो आहे. म्हणजे जमत नाही असं नाही.

काही जण सुचवतात, कारखान्यावरच केंद्र काढा. माझा याला विरोध आहे. आमच्याकडे कारखान्याचा चेअरमन आणि उमेदवार पुष्कळदा एकच असतो, नाहीतर एकमेकांचे व्याही असतात. ज्याच्या गव्हाणीत मोळी टाकायची त्याच्याच आवारात मत द्यायचं, हे नको. टपाली मताचा मार्ग आहे: लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६० प्रमाणे सरकारशी विचारविनिमय करून आयोग एखाद्या वर्गाला तो हक्क अधिसूचनेने देऊ शकतो, नवा कायदा लागत नाही. ऊसतोड कामगार महामंडळासाठी ग्रामसेवकांनी मजुरांची नोंदणीही केलेली आहे, म्हणजे यादी शून्यापासून करायची नाही. पण टपाली कागद फडात कुणाच्या हातून पोहोचणार? फिरून मुकादमच.

म्हणून मला सगळ्यात साधा उपाय पटतो, तारीख. त्याला यंत्र लागत नाही, पक्षांची बैठक लागत नाही. मुदत संपण्याआधी सहा महिन्यांपर्यंत निवडणुकीची अधिसूचना काढायला कायद्याची आडकाठी नाही. आणि ते होईपर्यंत निदान एवढं करा: त्या एएसडी यादीत हंगामी मजुरांचा रकाना वेगळा घाला, म्हणजे कोण मेलं, कोण कायमचं गेलं आणि कोण पट्टा पडल्यावर परत येणार हे तुमच्याच कागदावर दिसेल. आज हा आकडा कुणी मोजतच नाही. जे मोजलं नाही त्याची तक्रार तरी कुठल्या आधारावर करायची?

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ला झाली, म्हणजे मुदत डिसेंबर २०२९ च्या पहिल्या आठवड्यात संपेल. नेहमीच्या रिवाजाने गेलात तर मतदान पुन्हा नोव्हेंबरात येईल आणि कोयता पुन्हा फडात असेल. तारीख ठरवायला बसाल तेव्हा पंचांगाशेजारी आणखी एक कागद ठेवा. पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुल आहे, तिथे साखर आयुक्त बसतात. गाळप कधी सुरू होणार, एवढं त्यांना फोन करून विचारा, आणि मग तारीख काढा.

आपला,
एक निवृत्त केंद्राध्यक्ष